करारातला 'सल्ला' गेला, मग भारत–भूतान मैत्रीत उरलं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसणार नाही. १९४९ च्या भारत–भूतान करारात परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने वागेल असं कलम होतं. २००७ च्या नव्या करारात ते गेलं. आता भूतान चीनशी सीमेची बोलणी करतोय. तर भारताची पकड सुटली असं समजायचं का, उद्या चीन भूतानमध्ये घुसला तर भारत लढायला बांधील आहे का, आणि परीक्षेत याला 'मैत्री' म्हणायचं की 'वर्चस्व'? शिवाय जाता जाता एक ओळ: भूतानला फिरायला जायचं तर पासपोर्ट लागतो का?

त्या ओळीचं उत्तर सगळ्यात शेवटी देतो. ती वाटते तितकी फुटकळ नाही.

मी मुत्सद्दी नाही, प्राध्यापकही नाही. सरकारी लेखा विभागात नोकरी केली आणि त्यातली काही वर्षं प्रतिनियुक्तीवर भूतानमध्ये काढली, ताला जलविद्युत प्रकल्पाच्या हिशेबात. गेडूला आमची वसाहत होती. पावसाळ्यात धुकं असं उतरायचं की समोरच्या क्वार्टरमधला दिवा दिसत नसे, आणि धुतलेले कपडे हीटरसमोर खुर्चीवर पसरून वाळवायचे. (प्रकल्प संपल्यावर त्याच वसाहतीत बिझनेस कॉलेज सुरू झालं. आम्ही जिथे ठेकेदारांच्या बिलांवर लाल पेन्सिल चालवली, तिथे आता मुलं अकाउंटन्सी शिकतात.) सांगायचं असं की ही मैत्री मी व्हाउचरच्या बाजूने पाहिली. तिकडून जे दिसतं ते लिहितो.

कायद्याचा भाग आधी उरकू. 'एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला' असं कलम १९४९ च्या करारात नव्हतं आणि २००७ च्या करारातही नाही. दोन्ही करार दहा-दहा कलमांचे, अर्ध्या तासात वाचून होतात, जरूर वाचा. त्यामुळे 'बांधील आहे का' याचं कागदी उत्तर 'नाही' असंच आहे. पण ऑगस्ट १९५९ मध्ये नेहरूंनी लोकसभेत सांगितलं होतं की भूतानच्या सीमांचं रक्षण ही भारताची जबाबदारी आहे. १९६२ पासून भूतानच्या सैन्याला प्रशिक्षण देणारं भारतीय लष्कराचं पथक हा खोऱ्यात आहे. 'हा' हे त्या खोऱ्याचं नाव. ते नकाशावर शोधा, पलीकडे तिबेटचं चुंबी खोरं दिसेल. करारात जे लिहिलेलं नाही ते तिथे साठ वर्षं रोज सकाळी कवायत करतंय.

आता तो 'सल्ला' शब्द. तो भारताने शोधलेला नाही, ब्रिटिशांकडून वारशाने आला. १८६४-६५ च्या दुआर युद्धानंतर सिंचुलाचा तह झाला. भूतानने बंगाल आणि आसामकडचे दुआर, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा सगळा सुपीक पट्टा गमावला आणि बदल्यात वर्षाला ५० हजार रुपये ठरले. १९१० च्या पुनाखा तहाने ही रक्कम एक लाख झाली आणि परराष्ट्र व्यवहारात ब्रिटिशांच्या सल्ल्याने वागायचं कलम आलं. अंतर्गत कारभारात ब्रिटिश हात घालणार नाहीत हेही त्यातच. ८ ऑगस्ट १९४९ ला दार्जिलिंगला जो करार झाला, त्यात स्वतंत्र भारताने हे वाक्य जवळपास तसंच उचललं. रक्कम पाच लाख केली आणि देवनगिरीचा सुमारे ३२ चौरस मैलांचा तुकडा भूतानला परत दिला. आमच्याकडे नवीन साहेब आला की जुन्याच परिपत्रकावर नवी तारीख टाकून तेच पुन्हा काढतात, त्यातलाच प्रकार. फक्त तो तुकडा परत करणं नवीन होतं, आणि भूतानच्या लोकांच्या लक्षात तेच राहिलं.

मग २००७ मध्ये काय बदललं? माझ्या मते कागद प्रत्यक्षाच्या मागे राहिला होता, तो पुढे येऊन बरोबर उभा राहिला. भूतान १९७१ मध्ये भारताच्याच पाठिंब्याने संयुक्त राष्ट्रांत गेला. १९७९ ला हवानाच्या अलिप्ततावादी परिषदेत कंबोडियाची खुर्ची कुणाची या प्रश्नावर त्याने भारतापेक्षा वेगळी बाजू घेतली. चीनशी सीमेबद्दल थेट बोलणी १९८४ मध्ये सुरू झाली, म्हणजे 'सल्ला' कलम जिवंत असताना आणि २००७ च्या तेवीस वर्षं आधी. तुमच्या प्रश्नात हा क्रम उलटा झालाय: कलम गेलं म्हणून बोलणी सुरू झाली, असं तुम्ही धरून चालला आहात. परीक्षेत हे नीट लिहिलंत तर तपासणाराही थांबेल.

८ फेब्रुवारी २००७ ला दिल्लीत नव्या करारावर राजे जिग्मे खेसर नामग्याल वांगचुक आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या सह्या झाल्या. नवं दुसरं कलम म्हणतं की राष्ट्रीय हिताच्या प्रश्नांवर दोघे एकमेकांशी जवळून सहकार्य करतील, आणि आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेला व हिताला बाधक कामासाठी वापरू देणार नाहीत. जुन्या करारात एक सांगणारा आणि एक ऐकणारा होता. नव्यात बंधन दोघांवर आहे. शस्त्रं आणण्याचं कलम मात्र पूर्ण सुटलेलं नाही: भूतानचा हेतू मैत्रीचा आहे आणि भारताला त्यापासून धोका नाही, याबद्दल भारताचं समाधान असेपर्यंत आणता येतात. 'वर्चस्व' शोधणाऱ्यांनी बोट ठेवायचं तर या चौथ्या कलमावर ठेवावं, दुसऱ्यावर नाही.

पण कलमांनी मैत्री टिकली असं मला कधी वाटलं नाही. ती टिकली रस्त्याने, विजेने आणि नोटांनी.

१९५८ मध्ये नेहरू इंदिरा गांधींना घेऊन भूतानला गेले तेव्हा भारतातून तिथे मोटार जाईल असा रस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथुला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून ते पारोला पोचले. भारताच्या पंतप्रधानाला शेजारच्या मित्राकडे जायला तिबेटच्या वाटेने जावं लागत होतं! पारोला त्यांनी सांगितलं की भूतानने स्वतंत्र राहावं, आपल्या रीतीने जगावं, एवढीच आमची इच्छा आहे. पुढच्याच वर्षी ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, आणि १९६० मध्ये भूतानने उत्तरेची सीमा बंद केली. शेकडो वर्षं ज्या तिबेटशी मीठ, लोकर, तांदूळ यांचा व्यापार चालला होता, ती बाजू मिटली. देशाने तोंड दक्षिणेला फिरवलं. १९६१ मध्ये सीमा रस्ते संघटनेचा 'दंतक' प्रकल्प उभा राहिला आणि सीमेवरचं फुंटशोलिंग ते राजधानी थिंफू असा रस्ता झाला. सहा दिवसांची पायपीट एका दिवसावर आली. भूतानची पहिली पंचवार्षिक योजनाही १९६१ चीच, आणि तिचा सगळा पैसा भारताचा.

त्या रस्त्यावर मी किती वेळा उलट्या केल्या याचा हिशेब मात्र ठेवलेला नाही.

आता जे मी जवळून पाहिलं ते. वीज प्रकल्पांचं गणित असं होतं: भारत पैसे देणार, काही अनुदान, काही कर्ज, भूतान पाणी आणि जागा देणार, तयार झालेल्या विजेतली भूतानची गरज भागून उरलेली भारत विकत घेणार. चुखा प्रकल्प ३३६ मेगावॅटचा, १९८६ ते ८८ मध्ये सुरू झाला. त्यात ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज आणि व्याज ५ टक्के. ताला १,०२० मेगावॅटचा, २००६-०७ मध्ये सुरू झाला. वाटा तोच ६०-४०, पण व्याज ९ टक्के. नंतरच्या मांगदेछूला, जो ७२० मेगावॅटचा आणि २०१९ मध्ये सुरू झाला, अनुदान ३० टक्के आणि कर्ज ७० टक्के, व्याज १०. हे तीन आकडे एकाखाली एक लिहा. मैत्रीची भाषणं तिन्ही वेळेला तीच होती; अनुदान निम्म्यावर आलं आणि व्याज दुप्पट झालं. भारताची बाजूही आहे: भूतानची ऐपत वाढली, विजेचा दर वाढला, मांगदेछूची वीज २०१९ मध्ये ४ रुपये १२ पैसे युनिटने घ्यायचं ठरलं, तेव्हा जुन्या चुखाचा दर २ रुपये ५५ पैसे होता. पण पुनात्सांगछू-१ चं काय झालं पाहा. १,२०० मेगावॅटचा प्रकल्प, २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजवीकडचा डोंगरच सरकायला लागला आणि काम वर्षानुवर्षं अडकलं. धरण उभं राहिलं नाही, तरी कर्जावरचं व्याज चढतच राहतं. लेखा विभागातल्या माणसाला अशा वेळी झोप लागत नाही, मग कर्ज कुठल्याही देशाच्या नावावर असो.

याच्याही खाली एक थर आहे, तो नोटांचा. भूतानचं नुल्ट्रम हे चलन १९७४ मध्ये आलं. एक नुल्ट्रम म्हणजे एक रुपया, आणि रुपया तिथे दुकानात सर्रास चालतो. गेडूला एका ठेकेदाराचा रोखपाल पगार वाटायला बसायचा. पत्र्याचं टेबल, लोखंडी पेटी, पेटीत दोन थप्प्या: गांधींच्या आणि राजाच्या. मस्टरवर अंगठा उठला की मुकादम नाव पुकारायचा. ज्यांना महिनाभर इथेच राहायचं ते काहीही घ्यायचे. पण छटपूजेच्या आधी गावी निघालेले बिहारचे मजूर पेटीवर वाकून म्हणायचे, "साहब, गांधीवाला दीजिए." राजाची नोट जयगावच्या, म्हणजे फुंटशोलिंगला लागून असलेल्या भारतीय गावाच्या, बाजारात चालते, फार तर पुढे थोडी, त्यांच्या गावचा किराणावाला ती हातात घेऊन उलटीपालटी करून परत देणार. रोखपाल कुरकुर करायचा, कारण गांधींची थप्पी कायम लवकर संपायची.

माझ्यासाठी दोन देशांचं सगळं अर्थकारण त्या पेटीत होतं. नुल्ट्रम आणि रुपया कागदावर बरोबरीचे, पण बरोबरी एकाच दिशेने चालते. तांदूळ, डिझेल, सिमेंट, कांदे, गाड्या सगळं बहुतांशी भारतातून, आणि त्यासाठी रुपये हवेत. रुपये येणार विजेतून, मदतीतून आणि थोडे पर्यटकांकडून. २०१२ च्या मार्चमध्ये हे गणित फुटलं. लोकांनी कर्जं काढून गाड्या घेतल्या, घरं बांधली, आयात फुगली आणि देशात रुपयेच संपत आले. तिथल्या मध्यवर्ती बँकेने रुपये देणं आवळलं, घर आणि गाडीची कर्जं थांबली. मी तेव्हा भारतात परतलो होतो, पण जुने सहकारी फोनवर सांगायचे की जयगावचे व्यापारी नुल्ट्रमवर कटौती मागतायत. एकास एक म्हणजे काय, हे तेव्हा रस्त्यावरच्या माणसाला कळलं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये भारताने पाचशे-हजारच्या नोटा रद्द केल्या तेव्हा भूतानमध्ये लोकांनी घरात ठेवलेल्या नोटाही अडकल्या. त्यांना मत नव्हतं, पण नोट त्यांचीही होती.

आता २०१३. भारताची बाजू मांडणारे हा प्रसंग गाळतात, म्हणून मी मुद्दाम लिहितो. भूतानचे तेव्हाचे पंतप्रधान जिग्मे थिनले २०१२ मध्ये रिओ परिषदेत चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते आणि दिल्लीत कपाळाला आठ्या पडल्या होत्या. १३ जुलै २०१३ ला भूतानमध्ये निवडणूक होती. १ जुलैपासून भूतानला मिळणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅस आणि रॉकेलवरची भारताची सवलत बंद झाली. योजनेचा कालावधी ३० जूनला संपला, म्हणून सवलतही संपली, असं अधिकृत कारण. मी आयुष्यभर अशी कारणं फायलींवर लिहिली आहेत, आणि ती तांत्रिकदृष्ट्या खरीच असतात. पण मुदत संपते हे वर्षभर आधी माहीत असतं, आणि नूतनीकरणाची टिप्पणी वेळेत वर पाठवायची की नाही हे कुणीतरी ठरवतं. चुलीपाशी उभ्या बाईला फाइल दिसत नाही, सिलिंडरचा भाव दिसतो. थिनले यांचा पक्ष हरला, त्शेरिंग तोबगे पंतप्रधान झाले, सवलत परत आली. निकाल गॅसमुळेच लागला असं मी म्हणणार नाही. रुपयाटंचाईचा रागही होताच. पण नळ हातात असलेल्याने नळाला हात लावला, हे समोरच्याच्या लक्षात राहतं. माझं स्पष्ट मत: २००७ मध्ये जो शब्द सन्मानाने काढला, तो २०१३ मध्ये मागच्या दाराने परत आणल्यासारखं झालं. त्यात मिळालं काहीच नाही, गेलं बरंच.

याच्या बरोबर उलट चित्र २००३ चं. आसाम आणि उत्तर बंगालमधल्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी अतिरेक्यांनी भूतानच्या दक्षिणेकडच्या जंगलात तळ ठोकले होते. भूतानने आधी बरीच वर्षं बोलणी केली. शेवटी १५ डिसेंबर २००३ ला तिथल्या छोट्या सैन्याने स्वतः कारवाई केली आणि चौथे राजे, जिग्मे सिंग्ये वांगचुक, स्वतः आघाडीवर गेले. भारतीय सैन्य आपल्या बाजूने सीमा अडवून उभं राहिलं, आत गेलं नाही. 'आपली भूमी दुसऱ्याविरुद्ध वापरू देणार नाही' हे वाक्य २००७ च्या करारात आलं त्याच्या तीन वर्षं आधी भूतानने ते रक्त सांडून पाळलं होतं. इथेही कागद मागून आला.

डोकलामबद्दल वेगळं विचारलं नाहीत तरी ते टाळून चालणार नाही. जून २०१७ मध्ये चिनी तुकडीने डोकलामच्या पठारावर रस्ता पुढे न्यायला सुरुवात केली. त्या जागेवर दावा भूतान आणि चीनचा, भारताचा नाही. भारतीय सैनिक खाली उतरून आडवे उभे राहिले, ते २८ ऑगस्टपर्यंत. भारताला घोर कसला, तर दक्षिणेच्या झांफेरी कड्याचा. तिथवर चीन आला तर सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा नजरेच्या टप्प्यात येतो, आणि ईशान्येची सगळी राज्यं त्या पट्ट्याला टांगलेली आहेत. तुम्ही दोन्ही देशांची त्या वेळची निवेदनं शेजारी ठेवून वाचा. २९ जूनला भूतानने म्हटलं की चीनचा रस्ता १९८८ आणि १९९८ च्या लेखी समजुतींचा भंग आहे. त्यात भारतीय सैन्याचा उल्लेख नाही. दुसऱ्या दिवशी भारताने म्हटलं की आम्ही भूतानशी समन्वयाने पाऊल उचललं. एकाने आपला हक्क सांगितला, दुसऱ्याने आपली कृती सांगितली, आणि दोघांनी एकमेकांच्या वाक्यावर पाय ठेवला नाही. याला मी मुरलेलं नातं म्हणतो.

भूतानी माणूस 'नाही' कसं म्हणतो हे कळायला मला वर्ष लागलं. माझ्या समोरच्या टेबलावर तिथल्या सरकारचा एक अधिकारी असायचा, घो (तिथला पुरुषांचा पारंपरिक पोशाख) घातलेला, पन्नाशीचा, हिंदी माझ्यापेक्षा बरं. मी आपल्या नियमाप्रमाणे एखादी पद्धत बदलू म्हटलं की तो हसून म्हणायचा, "देखते हैं ला." तो 'ला' म्हणजे आपला 'जी'. मी खूश. महिना, दोन महिने, फाइल हलायची नाही. मग मी आठवण करायचो आणि तो तितकंच गोड हसून चहा मागवायचा. तिसऱ्या चहाला उलगडा झाला की उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं होतं. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांच्यातल्या मोटार वाहतूक करारावर २०१५ मध्ये थिंफूतच सह्या झाल्या, आणि २०१६ मध्ये भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला. इतक्या परक्या गाड्या आमच्या डोंगरात नकोत म्हणून. २०१७ मध्ये त्यांनी कळवलं, तुम्ही तिघे पुढे व्हा. मी वर्तमानपत्र वाचून एकटाच हसलो.

आता चीनशी बोलणी, आणि इथे 'परिस्थितीवर अवलंबून' म्हणणं भाग आहे. १९९० च्या दशकात चीनने देवाणघेवाण सुचवली होती: उत्तरेचा सुमारे ४९५ चौरस किलोमीटरचा दावा आम्ही सोडतो, पश्चिमेचा २६९ चौरस किलोमीटरचा भाग, ज्यात डोकलाम येतो, तुम्ही सोडा. क्षेत्रफळाने भूतानचा फायदा होता. भूतानने स्वीकारली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोघांत तीन टप्प्यांच्या आराखड्याचा समझोता झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये बीजिंगला बोलण्यांची २५ वी फेरी झाली. त्याआधी मार्चमध्ये भूतानचे तेव्हाचे पंतप्रधान लोते त्शेरिंग म्हणाले होते की डोकलामचा तिठा, म्हणजे तिन्ही देशांच्या सीमा मिळतात ती जागा, एकट्या भूतानने सोडवायचा नाही, तिन्ही देशांनी मिळून सोडवायचा. दिल्लीत यावर दोन तट पडले: एकांना यात चीनला खुर्ची दिल्यासारखं वाटलं, दुसऱ्यांना भूतानने भारताशिवाय सही करणार नाही असं सांगितल्यासारखं. मी दुसऱ्या तटाकडे झुकतो. उत्तर सीमा निश्चित झाली आणि तिठा तसाच राहिला, तर मैत्रीला धक्का नाही. पश्चिमेला अदलाबदल झाली तर मात्र आज लिहिलेलं हे सगळं मला नव्याने लिहावं लागेल. छोट्या देशाने आपली सीमा एकदाची आखून घ्यावी असं वाटणं यात फितुरी नाही. आपल्याकडे बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. त्यांचा बांध चीनशी आहे.

एक काळी बाजूही आहे, ती गाळून उत्तर लिहू नका. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या सुरुवातीला दक्षिण भूतानमधल्या सुमारे एक लाख नेपाळी भाषक लोकांना, ल्होत्साम्पांना, देश सोडावा लागला. ते भारतातूनच नेपाळला गेले, कारण नेपाळ आणि भूतानची सीमा कुठेच लागत नाही. पूर्व नेपाळच्या छावण्यांत त्यांची अख्खी पिढी वाढली आणि २००७-०८ नंतर बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी घेतलं. भारताने हा भूतान आणि नेपाळचा आपसातला प्रश्न म्हटला आणि बाजूला राहिला. अंतर्गत कारभारात हात न घालण्याच्या वचनाची ही किंमत होती; ती भारताने मोजली नाही, त्या लोकांनी मोजली.

आणि एक पुण्याचं. २० जानेवारी २०२१ ला भारताने शेजाऱ्यांना लस भेट द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच दिवशी भूतानला कोव्हिशील्डचे दीड लाख डोस गेले, हडपसरच्या सीरममध्ये भरलेले. भूतानने ते लगेच टोचले नाहीत. ज्योतिषांनी सांगितलेल्या मुहूर्ताची वाट पाहिली, तोवर भारताकडून आणखी चार लाख आले, आणि २७ मार्चपासून दोनेक आठवड्यांत बहुतेक प्रौढांना पहिला डोस दिला. मग भारतात दुसरी लाट आली, निर्यात थांबली आणि दुसऱ्या डोससाठी भूतान अडकला. जुलैत अमेरिकेकडून पाच लाख मॉडर्ना आल्या. अमेरिकेशी भूतानचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी कुणाशीच नाहीत, तरी आल्या. भूतानमध्ये कुणी भारताला बोल लावला नाही. पण दुसरं दार थोडं उघडं ठेवावं हे त्यांनी तेव्हा मनात टिपून ठेवलं असणार; मी त्यांच्या जागी असतो तर टिपलं असतं.

तेव्हा परीक्षेसाठी एवढं धरा: लष्करी बांधिलकीचं कलम नाही, पण वचन आणि वहिवाट आहे, २००७ ने नातं सैल केलं नाही, आधीच बदललेलं कागदावर आणलं, आणि 'मैत्री की वर्चस्व' यात एक निवडायला सांगितलं तर १९५८ आणि २०१३ दोन्ही लिहा. भूतानच्या १३ व्या योजनेला, २०२४ ते २९ साठी, भारताने १० हजार कोटी रुपये कबूल केलेत, आधीच्या योजनेच्या दुप्पट. सप्टेंबर २०२५ मध्ये कोक्राझार–गेलेफू आणि बानरहाट–सामत्से असे दोन रेल्वेमार्ग जाहीर झालेत. हे आकडे घालायला हरकत नाही, पण त्यांच्या शेजारी चुखा आणि मांगदेछूच्या व्याजाचे आकडेही घाला.

आता पासपोर्ट. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं, सीमेवर प्रवासाचा परवाना मिळतो. आमच्या वेळी फुंटशोलिंगच्या दरवाजातून माणसं भाजी आणायला यावं तशी ये-जा करायची. कोविडनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा उघडल्या, तेव्हापासून भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शुल्क आहे. आधी काहीच नव्हतं. भारतीय पर्यटक नाराज झाले, टूरवाले नाराज झाले, जयगावचे हॉटेलवाले तर फारच. भूतानने सगळ्यांचं हसून ऐकून घेतलं आणि शुल्क तसंच ठेवलं. चार रात्री, दोन माणसं म्हणजे ९,६०० रुपये वेगळे काढून ठेवा. रुपयेच न्या, आणि परत येताना उरलेली राजाची नोट जयगावला मोडून घ्या.